मीटिंगमध्ये आपण बोलतो, पण ऐकू जातं का?

(या भागाचं लिखित रूप. मध्येमध्ये येणारं 'अं', 'म्हणजे' आणि एकदा आलेला कुकरच्या शिट्टीचा आवाज तेवढा काढलाय. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून इअरफोन लावून बसला असाल, तर तुमच्याकडे वीसेक मिनिटं नक्की आहेत. आजचा विषय बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. कामाच्या मीटिंगमध्ये आपलं बोलणं वजनदार कसं करायचं? लोकांनी आपलं ऐकावं म्हणून काय करायचं?

आधीच सांगतो, मी काही ट्रेनर नाही. मी कोड लिहिणारा माणूस आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीटेक, मग नोकरी. पहिली दोन वर्षं मीटिंगमध्ये माझं योगदान म्हणजे 'येस', 'डन' आणि 'नो ब्लॉकर्स फ्रॉम माय साइड'. त्यामुळे 'आत्मविश्वासाने बोला, डोळ्यात डोळे घालून बोला, आवाज खोल ठेवा' असलं काही मी सांगणार नाही. एक प्रसंग सांगतो. त्यात मी बोललो होतो. गप्प बसलो नव्हतो. तरीही ते न बोलल्यासारखंच झालं. ते का झालं, हे शोधता शोधता जे सापडलं, ते आज सांगायचंय.

एक छोटीशी गोष्ट

काही वर्षांपूर्वी मी अशा एका टीममध्ये होतो, जिचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर चालायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहाटे साडेपाच-सहाला लोक किटली, कॅन घेऊन केंद्रावर येतात. दूध मोजतात, फॅट आणि एसएनएफ तपासतात, त्यावरून दर ठरतो, आणि मशीनमधून पावती येते. त्या पावत्यांच्या नोंदींवरच दहा दिवसांचं बिल निघतं. म्हणजे आपल्या डेटाबेसमधली एक ओळ म्हणजे कुणाचं तरी पाच-सहा लिटर दूध.

आमचे रिपोर्ट हळू चालायचे म्हणून मुख्य टेबलवर तीन नवीन इंडेक्स टाकायचं ठरलं. स्क्रिप्ट आमच्या टीममधल्या ज्युनिअरने लिहिली होती. नुकताच लागला होता, अजून कन्फर्म व्हायचा होता. रिव्ह्यू मी केला. आणि रिव्ह्यू करताना मला दिसलं की इंडेक्स साध्या पद्धतीने बनवलाय.

ज्यांचा डेटाबेसशी संबंध नाही त्यांनी एवढंच लक्षात घ्या: पोस्टग्रेसमध्ये साध्या पद्धतीने इंडेक्स बनवायला घेतला, की तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलमध्ये नवीन नोंद करता येत नाही. वाचता येतं, लिहिता येत नाही. दुसरी पद्धत आहे, कमांडमध्ये 'कंकरंटली' हा एक शब्द जास्त लिहायचा. मग इंडेक्स बनायला वेळ जास्त लागतो, पण नोंदी थांबत नाहीत. टेस्टिंगच्या सर्व्हरवर टेबल लहान होतं, त्यामुळे स्क्रिप्ट मिनिटाच्या आत संपली होती. प्रॉडक्शनवरचं टेबल कितीतरी पट मोठं. आणि रिलीज ठरला होता पहाटे पाच वाजता, कारण साडेचारपर्यंत रात्रीचे रिपोर्ट चालायचे.

रिलीजच्या आधीच्या मीटिंगमध्ये अकरा जण होते. मॅनेजरने विचारलं, 'एनी कन्सर्न्स?' मी अनम्यूट केलं. आणि मी काय बोललो ते मला शब्दाशब्दाने आठवतंय, कारण नंतर ते मी शंभर वेळा मनात वाजवलंय. मी म्हणालो, 'जस्ट वन स्मॉल थिंग, टेबल इज लिटल बिग, सो इट मे टेक सम टाइम. वुई कॅन मॉनिटर.'

मॅनेजर म्हणाले, 'ओके, गुड पॉइंट, लेट्स मॉनिटर.' पुढचा विषय सुरू झाला. आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं. आपण बोललो! 'गुड पॉइंट' मिळाला!

दुसऱ्या दिवशी पाच वीसला स्क्रिप्ट सुरू झाली. साडेपाचपासून केंद्रांवर दूध यायला लागलं. नोंद होईना, पावती येईना. आम्ही 'मॉनिटर' करत होतो, म्हणजे स्क्रीनकडे बघत होतो. ज्युनिअरला वाटत होतं, आता होईल, आता होईल. मध्येच थांबवली तर आपण काहीतरी मोडलं असं होईल, या भीतीने त्याने थांबवली नाही. मीही 'थांबव' म्हणालो नाही. सव्वासहाच्या आसपास स्क्रिप्ट थांबवली, तोवर जवळजवळ पन्नास मिनिटं नोंदी अडकल्या होत्या. केंद्रांवरच्या सचिवांनी वहीत हाताने नोंदी केल्या. बाहेर रांग, टँकरची वेळ झालेली, लोकांना पुढे कामाला जायचंय. आमच्या सपोर्टच्या ताई सकाळभर फोनवर होत्या. त्या वहीतल्या नोंदी नंतर सिस्टिममध्ये भरताना काही जुळल्या नाहीत, आणि त्यावरून काही गावांत भांडणं झाली. हे मला ताईंनीच सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अरे, तुला आधी माहीत होतं ना? मग मला का नाही सांगितलंस? मी केंद्रांना आदल्या रात्री मेसेज तरी टाकला असता.'

मी म्हणालो, 'ताई, मी मीटिंगमध्ये बोललो होतो.'

त्या म्हणाल्या, 'मीही होते त्या मीटिंगमध्ये.'

माझ्या वाक्यात काय नव्हतं

आता ते वाक्य परत बघू. 'जस्ट', 'स्मॉल', 'लिटल', 'मे', 'सम'. एका वाक्यात पाच वेळा मी माझ्याच मुद्द्याची हवा काढली. आणि जे असायला हवं होतं ते एकही नव्हतं. काय होणार? नोंदी थांबणार. कधी? नेमक्या संकलनाच्या वेळी. कुणाचं नुकसान? केंद्रांचं. मग काय करायचं? तो एक शब्द टाका, किंवा वेळ बदला. यातलं मी काहीही सांगितलं नाही. 'वेळ लागेल' एवढंच म्हणालो. ऐकणाऱ्याने काय ऐकलं? वेळ लागेल. बरं, लागू दे.

आपण मराठी माणसं तर यात वस्ताद आहोत. 'जरा बोलायचं होतं', 'एक छोटीशी शंका होती', 'तसं काही नाही, पण', 'माझं चुकतही असेल', 'बघा, जमलं तर'. घरात हे छान आहे. समोरच्याला दुखवायचं नाही, हा चांगला संस्कार आहे. पण मीटिंगमध्ये होतं काय, की आपण समोरच्याला दुखवायचं नाही म्हणून धोक्यालाच लहान करून टाकतो. मग समोरचा आपलं ऐकतो आणि आपण म्हणालो तेवढाच तो लहान धरतो. त्यात त्याची काय चूक?

इंग्रजीचा मुद्दाही आहे. डोक्यात मराठीत विचार, मग त्याचं इंग्रजी, तोवर चर्चा पुढे गेलेली. घाईत जे तयार वाक्य सापडतं ते आपण बोलतो, आणि तयार वाक्यं सगळी गुळगुळीत असतात.

विमानातलं एक वाक्य

यानंतर मी बरंच वाचलं. सगळ्यात जास्त हललो ते एका विमान अपघाताबद्दल वाचून. थोडं सविस्तर सांगतो, कारण विषय तोच आहे.

२५ जानेवारी १९९०. कोलंबियाच्या एविआन्का कंपनीचं फ्लाइट ५२, बोईंग ७०७, बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर येत होतं. हवा खराब, विमानतळावर गर्दी. त्यामुळे या विमानाला वाटेत तीन वेळा घिरट्या घालत थांबवलं गेलं, एकूण ७७ मिनिटं. इंधन संपत आलं. कंट्रोलरशी रेडिओवर बोलायचं काम को-पायलटचं होतं. तो म्हणाला, आम्हाला वाटतं प्राधान्य लागेल. आणखी किती वेळ थांबू शकता असं विचारल्यावर म्हणाला, साधारण पाच मिनिटं. पण हे ज्या कंट्रोलरशी बोलणं झालं, त्याच्याकडून विमान पुढच्या कंट्रोलरकडे सोपवताना इंधनाचा मुद्दा पुढे पोचलाच नाही.

उतरायचा पहिला प्रयत्न फसला. खराब हवेत, वाऱ्यामुळे विमान परत वर न्यावं लागलं. आता कॅप्टनने को-पायलटला स्पष्ट सांगितलं, त्यांना सांग की आपण इमर्जन्सीत आहोत. को-पायलट रेडिओवर काय बोलला? कंट्रोलरने दिलेली दिशा त्याने आधी परत म्हणून दाखवली, मग म्हणाला की आम्ही पुन्हा प्रयत्न करू, आणि शेवटी जोडलं की इंधन संपत आलंय. 'इमर्जन्सी' हा शब्द आलाच नाही. कंट्रोलर म्हणाला, ओके. कॅप्टनने विचारलं, सांगितलंस का? तो म्हणाला, हो सर, सांगितलं.

थोड्या वेळाने कंट्रोलर म्हणाला, तुम्हाला थोडं लांब नेऊन मग वळवतो, तुमच्या इंधनाच्या दृष्टीने चालेल ना? आणि को-पायलटचं उत्तर साधारण असं होतं: चालेल असं वाटतं, थँक यू व्हेरी मच.

काही मिनिटांत एकेक इंजिन बंद पडलं. लाँग आयलंडवर कोव्ह नेक इथे विमान टेकडीवर कोसळलं. आत १५८ माणसं होती, ७३ गेली.

चौकशीत इतरही कारणं निघाली. त्या दिवशी गर्दीचं नियोजन नीट झालं नव्हतं, नियमातले ठरलेले शब्द कोणते यावरही गोंधळ होता. सगळा दोष एका माणसावर टाकणं बरोबर नाही. पण इंधनाची आणीबाणी जाहीर केली नाही, ही गोष्ट चौकशी अहवालात ठळक आहे.

मला त्यातलं 'हो सर, सांगितलं' फार लागलं. कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मते त्याने सांगितलंच होतं. जसं मी ताईंना म्हणालो, 'मी बोललो होतो.' माहिती दिली होती, पण ती दुसऱ्या वाक्याच्या शेपटीला बांधून दिली होती. आणि त्या कंट्रोलरकडे त्या वेळी कितीतरी विमानं होती. त्याला 'इंधन कमी आहे' यातून 'सगळं बाजूला ठेवून याला आधी उतरव' हे स्वतःहून काढायला लावणं म्हणजे त्याच्याकडून मनकवडेपणाची अपेक्षा करणं. आपल्या मॅनेजरचंही तेच आहे. त्याच्या डोक्यात अकरा विषय, मागे तीन मीटिंग, पुढे दोन.

त्यांनी काय शिकलं, आपण काय घ्यायचं

विमान क्षेत्रात हा प्रश्न त्याआधीच माहीत झाला होता. १९७८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं एक विमान असंच इंधन संपून पडलं होतं, १० माणसं गेली. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतलेला, आणि फ्लाइट इंजिनिअर इंधनाबद्दल सांगत होता, पण ते पुरेसं ठामपणे पोचलं नाही. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेडने प्रशिक्षण सुरू केलं. आज त्याला 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' म्हणतात. त्यात ज्युनिअर माणसाने सीनिअरला धोका कसा सांगायचा याच्या पाच पायऱ्या शिकवतात. मी त्या माझ्या भाषेत सांगतो.

एक, आधी लक्ष वेधा, शक्यतो नाव घेऊन. दोन, तुम्हाला काळजी वाटतेय हे सरळ म्हणा. तीन, नेमकं काय होणार ते सांगा. चार, उपाय सुचवा. पाच, समोरच्याकडून उत्तर घ्या.

आता माझं जुनं वाक्य या पाच पायऱ्यांत बसवू. मॅनेजरचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं: 'या रिलीजबद्दल मला काळजी आहे. ही स्क्रिप्ट चालू असताना एकही नवीन नोंद होणार नाही, आणि साडेपाचला संकलन सुरू होतं. स्क्रिप्टमध्ये एक शब्द बदलून हे टाळता येतं, मला आज दुपारपर्यंत वेळ द्या. तोवर रिलीज थांबवायचा का?'

किती सेकंद लागले? वीस-पंचवीस. आवाज चढवला नाही, कुणाचा अपमान केला नाही, ज्युनिअरवर बोट दाखवलं नाही. इंग्रजी तर त्याहून सोपं: 'आय अ‍ॅम वरीड अबाउट धिस रिलीज.' पाचवीतल्या मुलाला येईल असं वाक्य. पण हे वाक्य बोलल्यावर 'गुड पॉइंट, लेट्स मॉनिटर' म्हणून पुढे जाणं अवघड आहे, कारण शेवटी प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही असंच द्यावं लागतं.

पाचवी पायरी आपण सगळ्यात जास्त विसरतो. बोलून झालं की आपल्याला सुटल्यासारखं वाटतं आणि आपण पटकन म्यूट करतो. थांबा. प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. दोन-तीन सेकंदांची ती शांतता भयंकर लांब वाटते. आपणच ती भरून काढतो, 'म्हणजे, तसं काही फार नाही, बघा तुम्ही'. तिथेच सगळं धुऊन जातं.

मीटिंगच्या आधी आणि नंतर

आता छोट्या छोट्या गोष्टी, ज्या माझ्या उपयोगी पडल्या.

मीटिंगच्या आधी दोन वाक्यं वहीत लिहून ठेवतो. फक्त दोन. पहिलं, मला काय व्हायला हवंय. दुसरं, का. इंग्रजीत बोलायचं असेल तर इंग्रजीतच लिहितो, म्हणजे तिथे भाषांतर करत बसावं लागत नाही. बाकी चर्चेत अडखळलो तरी चालतं, ही दोन वाक्यं अडखळत नाहीत.

दुसरं, निष्कर्ष आधी. आपल्याला शाळेपासून सवय आहे: पक्ष, साध्य, सिद्धता, आणि शेवटी उत्तर. मीटिंगमध्ये लोक सिद्धतेपर्यंत थांबत नाहीत. आधी म्हणा, 'मला हा रिलीज पुढे ढकलायला हवाय.' मग कारण. कुणाला सिद्धता हवी असेल तर तो विचारेल.

तिसरं, विशेषणाच्या जागी आकडा. 'टेबल मोठं आहे' याचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा. 'टेस्टिंगला चाळीस सेकंद लागले, इथे टेबल शंभर पट मोठं आहे' असं म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र येतं. आकडा नक्की माहीत नसेल तर 'अंदाजे' म्हणा, पण आकडा द्या.

चौथं, मोठा मुद्दा असेल तर तो मीटिंगमध्ये पहिल्यांदा काढू नका. आदल्या दिवशी ज्याला फरक पडणार आहे त्या एका माणसाशी बोला. मी सपोर्टच्या ताईंना आधी फोन केला असता, तर मीटिंगमध्ये माझ्या बाजूने अजून एक आवाज असता, आणि तो माझ्यापेक्षा जास्त वजनाचा, कारण शिव्या त्यांनाच खाव्या लागणार होत्या. हे राजकारण नाही. याला गृहपाठ म्हणतात.

पाचवं, मध्येच कुणी तोडलं तर. 'एक मिनिट, वाक्य पूर्ण करतो.' एवढंच. रागाने नाही, जेवताना 'जरा मीठ दे' म्हणतो त्या सुरात. आणि दुसऱ्याला तोडलं गेलं तर त्याच्यासाठी हेच करा. आमच्या टीममधल्या मुलींचं वाक्य बहुतेक वेळा कुणीतरी अर्ध्यात घ्यायचं, आणि दहा मिनिटांनी तोच मुद्दा दुसऱ्याच्या नावावर यायचा. 'हे मघाशी तिने सांगितलं होतं, तिचं पूर्ण ऐकू या' असं म्हणायला काही लागत नाही. त्याने तुमचंही वजन वाढतं, पण त्यासाठी करू नका, बरोबर आहे म्हणून करा.

सहावं, मीटिंग संपली की चार ओळी लिहून चॅटवर टाका. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. हे लिहिणारा माणूस टीममध्ये कुणीही असो, हळूहळू लोक त्याच्याकडेच बघायला लागतात.

आणि एक उलटी गोष्टही सांगतो. हे पाच पायऱ्यांचं हत्यार रोज वापरू नका. बटणाचा रंग निळा की हिरवा यावर 'मला काळजी आहे' म्हणू नका. दर आठवड्याला धोका सांगणाऱ्याचा धोका कुणी ऐकत नाही. जिथे तुमचं मत आहे तिथे 'माझं मत' म्हणा, जिथे शंका आहे तिथे 'शंका' म्हणा. 'जरा', 'थोडंसं' हे शब्द खरंच जरा असेल तिथे वापरायला काही हरकत नाही.

आणि हो, सगळं बरोबर करूनही ऐकलं जाणार नाही, असंही होतं. काही साहेब ऐकतच नाहीत. मग शांतपणे विचारायचं, 'ठीक आहे, मग बिघडलं तर कुठल्या मिनिटाला थांबवायचं, आणि थांबवायचं कुणी ठरवायचं?' हा प्रश्न त्या पहाटे आमच्याकडे असता, तर पाच पस्तीसलाच स्क्रिप्ट थांबली असती. ज्युनिअरला स्वतःच्या हिमतीवर थांबवावी लागली नसती.

दुसऱ्यांदा गप्प बसलो तेव्हा

आता या गोष्टीचा राहिलेला भाग सांगतो. खरं तर हा भाग मी कापणार होतो.

त्या पहाटेनंतर दोन दिवसांनी आढावा बैठक झाली. मोठे साहेबही होते. प्रश्न आला, 'हू रोट द स्क्रिप्ट?' ज्युनिअर म्हणाला, 'मी.' 'हू रॅन इट?' 'मी.' मग दहा मिनिटं त्याच्यावरच चर्चा. काळजीपूर्वक काम करायला हवं, टेस्टिंग नीट करायला हवं, वगैरे. रिव्ह्यूला 'अ‍ॅप्रूव्ह' बटण मी दाबलं होतं. धोका मला दिसला होता. मी अनम्यूटच्या बटणावर बोट ठेवून बसलो होतो आणि मीटिंग संपली.

त्याचं कन्फर्मेशन तीन महिने पुढे ढकललं.

मी अकरा दिवसांनी बोललो. आधी मॅनेजरशी एकट्याने, मग टीमच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर. दोन वाक्यं लिहून नेली होती. 'हा धोका मला रिव्ह्यूमध्ये दिसला होता आणि मी तो नीट सांगितला नाही. याची जबाबदारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या आधी माझी आहे, म्हणून त्याच्या कन्फर्मेशनचा निर्णय पुन्हा बघावा. बघाल का?' आणि गप्प राहिलो. हात थरथरत होते, कॅमेरा बंद होता म्हणून बरं.

मॅनेजर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'मीही त्या मीटिंगमध्ये होतो. मीही पुढे विचारलं नाही.' पुढच्या महिन्यात त्याचं कन्फर्मेशन झालं. रिव्ह्यूच्या चेकलिस्टमध्ये 'ही स्क्रिप्ट नोंदी थांबवते का?' हा प्रश्न आला. आणि रिलीजच्या मीटिंगमध्ये सपोर्टच्या ताईंना आधी विचारायचं असं ठरलं. त्या आता 'नाही' म्हणाल्या तर पहाटेचा रिलीज होत नाही.

सगळं छान झालं, असं मात्र नाही. नंतर एकदा चहा पिताना तो ज्युनिअर मला म्हणाला, 'दादा, तू त्या दिवशी तिथेच बोलला असतास ना, तर मी घरी खोटं बोललो नसतो.' त्याने आई-वडिलांना कन्फर्म झालो म्हणून सांगून टाकलं होतं. वडिलांनी पेढे वाटले होते. माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. आजही नाही.

म्हणून मला 'इम्पॅक्ट' वगैरे शब्द आले की तो चहा आठवतो. आपल्याला वाटतं, मीटिंगमध्ये बोलायचं ते आपलं नाव व्हावं म्हणून, प्रमोशन मिळावं म्हणून. मिळतंही, मी नाही म्हणत नाही. पण बहुतेक वेळा आपण नीट न बोलल्याची किंमत आपण देत नाही. ती त्या मीटिंगमध्ये नसलेला माणूस देतो, किंवा असून बोलू न शकणारा.

तर या आठवड्यात एक करून बघा. एकच मीटिंग निवडा. आधी दोन वाक्यं लिहा. त्यातले 'जरा', 'थोडं', 'जस्ट' खोडून टाका. बोला, शेवटी प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत म्यूट करू नका. काय झालं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. फसलं असेल तर आधी पाठवा, फसलेल्या व्हॉइस नोट मी पुढच्या भागात वाजवणार आहे, अर्थात तुम्ही परवानगी दिलीत तर.

चला, तुमचा स्टॉप आला असेल. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.